मुक्ताबाईच्या घरची पाहुणी

लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या मुक्ताबाईच्या घरून निघताना माणसाला जरा चुकल्यासारखं वाटायचं. पाहुणचारात काही कमी नसे. बसायला घोंगडी, गुळाचा खडा, पाण्याचा तांब्या, जेवणवेळ असली तर तांदळाची भाकरी आणि ताक, सगळं रीतीप्रमाणे व्हायचं. पण पाहुणा "येतो मावशी" म्हणून उठला की हिच्या तोंडाला कुलूप. निघालेल्या माणसाला आपल्यात कुणी "जा" म्हणत नाही, "ये हो" म्हणतात. मुक्ताबाई दोन्ही म्हणायची नाही. पाठ फिरवून आत जायची आणि या फळीवरचं पातेलं उगीच त्या फळीवर ठेवायची. सख्ख्या भावालासुद्धा तिनं वर्षानुवर्षं असंच वाटेला लावलं. गाव तिला माणूसघाणी म्हणायचं, आणि गावाचं तरी काय चुकलं म्हणा.

खरं कारण ठाऊक होतं ते विठाबाईला. विठाबाई म्हणजे गावाबाहेरच्या देवीच्या देवळातली भगतीण. कुणाच्या अंगावर देवीचे फोड उठले की पहिलं बोलावणं तिला जायचं. तेव्हाची समजूत अशी की हा रोग नव्हेच, साक्षात देवीच त्या घरात पाहुणी म्हणून उतरते. तिला राग येईल असं काही करायचं नाही. दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, फोडणी द्यायची नाही, केसांना फणी लावायची नाही, पायताण बाहेर काढायचं, आवाज चढवायचा नाही. परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. आणि जिच्या अंगात ती उतरलीय तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, कारण बोलते ती देवी.

मुक्ताबाईनं ऐन तरुणपणी एका उन्हाळ्यात हे सगळं पाळलं होतं. शिदबा आणि येसू, दोन पोरं. फोडणीचा वाससुद्धा त्यांच्यापर्यंत जाऊ दिला नाही. पाहुणी जाताना दोघांनाही घेऊन गेली.

आणि तेवढ्यानं भागलं नाही. पाहुणीला दहीभात घेऊन शिवेपर्यंत बोळवायची रीत असते, मग पोर जगलेलं असो की गेलेलं. शिवेवर दहीभात ठेवला आणि विठाबाई म्हणाली, आता म्हण, ये गं माय, पुन्यांदा ये. मुक्ताबाईची जीभ टाळ्याला चिकटली. तिच्या कडेवर तिसरा, अंबाजी, अंगठा चोखत होता. विठाबाईनं त्याच्याकडे नुसतं बोट केलं. मुक्ताबाई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. त्यानंतर तो शब्द तिनं कुणासाठी उच्चारला नाही.

अंबाजी वाचला, वाढला, लोणावळ्याला रेल्वेच्या लोको शेडात इंजिनं पुसणारा खलाशी म्हणून चिकटला. त्याला झाली चिंगी. ही सहा वर्षांची कैदाशीण दिवसभर आजीच्या पदराला लोंबकळलेली असायची, आणि गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीचा तुकडा हातावर पडल्याशिवाय कुठलंच काम करायची नाही. मुक्ताबाईचा सगळा जीव त्या पोरीत. तिच्या अंगावर घामोळं उठलं तरी हिचे हातपाय गार पडायचे.

मुक्ताबाई डोक्यावर दुधाची चरवी घेऊन लोणावळ्याला रतीब घालायला जायची. तिच्या रतीबदारांत एक होते मारुतराव, ज्यांना गावोगाव देवीडाक्तर म्हणत. ते काही खरे डॉक्टर नव्हते. पोरांच्या दंडाला देवीची लस टोचण्याचं सरकारी काम त्यांच्याकडे होतं. पण रुबाब असा की सिव्हिल सर्जननं शिकून घ्यावा. बंद गळ्याचा कोट, कडक पगडी, पावसाळा असो नसो छत्री, आणि हातात लशीच्या काचनळ्यांची चामडी पेटी. सोवळ्यातला माणूस जसा स्पर्श टाळत चालतो तसे ते धूळ टाळत चालायचे. त्यांच्याइतका आपल्या इभ्रतीला जपणारा माणूस लोणावळ्यात दुसरा नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे तिसाच्या अलीकडे-पलीकडे, थंडी सरता सरता बातमी आली की घाटाखाली देवी उठल्यात. घाटाखालून लोणावळ्यात दिवसभर आगगाड्या येत होत्या, आणि देवीला तिकीट लागत नाही. मुक्ताबाईनं मारुतरावांच्या पातेल्यात दूध ओतता ओतता विचारलं, आमच्या गावाला कधी येताय टोचायला? मारुतरावांनी सुस्कारा सोडला आणि सांगितलं की कमिटीचा निर्णय झाल्याशिवाय खेड्यात सुई उचलायची नाही असा हुकूम आहे. नळ्या मोरीतल्या पाण्याच्या मडक्यात गार ठेवल्यात, आणि ऊन वाढतंय.

ही कमिटी म्हणजे काय चीज होती ते सांगितलं पाहिजे. लोणावळ्याभोवतीच्या खेड्यांसाठी एक आरोग्य कमिटी नेमलेली होती. तिला वरून विचारणा आली होती की खेड्यांतून टोचणी सक्तीची करावी काय, लोकांच्या धर्मभावनांचा योग्य विचार करून कळवावे. ज्या कुणी कारकुनानं हे लिहिलं त्याला बहुधा सुट्टीवर जायची घाई असावी. नुसतं "करावी काय" विचारलं असतं तर दुपारी हो म्हणून मंडळी चहाला उठली असती. योग्य विचार करायला सांगितल्यावर मात्र कमिटीला तोंड फुटलं ते बंदच होईना.

अध्यक्ष होते महिपतराव, रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, दोन्ही बाजूंना सारखीच मान डोलावणारे. उजव्या हाताला शास्त्रीबुवा, डाव्या हाताला वकीलसाहेब, आणि समोर खेड्यांच्या वतीनं औंढ्याचे रखमाजी पाटील. शास्त्रीबुवांचं म्हणणं, देवी ही पाहुणी आहे, तिला सुईनं टोचून वेळेआधी ओढून आणणं हा तिचा अपमान. वकीलसाहेब सुधारक होते, विलायती कॉलर घालायचे. त्यांनी लशीबद्दल काही सांगावं की नाही? पण शास्त्रीबुवांना शास्त्रानंच चीत करायचं ही त्यांची हौस. त्यांनी सिद्ध केलं की महादेवानं हलाहल प्राशन केलं तीच जगातली पहिली टोचणी. थोडं विष पोटात घेऊन पुढचं मोठं विष टाळणं, दुसरं काय असतं? त्यावर शास्त्रीबुवांनी शांतपणे विचारलं की मग टोचायचं ते दंडाला का, कंठाला का नाही. पुढच्या दोन बैठका कंठावर गेल्या.

मग लस कशापासून काढतात हे निघालं. रेडकापासून काढतात असं कळल्यावर शास्त्रीबुवा ताठ बसले. रेडा हे यमाचं वाहन. त्याच्या अंगातला पू पोराच्या रक्तात घालायचा म्हणजे यमाशी सोयरीक करायची. वकीलसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले की तेच तर, सोयऱ्याच्या घरावर कुणी धाड घालतं का? महिपतरावांनी दोघांकडे मान डोलावली. रखमाजी पाटलांनी आपलं मत दिलं की सरकार म्हणेल ते गाव करील, फक्त आधी सरकारनं गाव म्हणेल ते म्हणावं.

बैठक चाले तेव्हा मारुतराव बाहेर ओट्यावर पेटी मांडीवर घेऊन बसलेले असत. त्यांना विचारायचं का, अशी सूचना एकदा आली. पण टोचणी हा त्यांचा पोटापाण्याचा विषय, तेव्हा ते पक्षपाती, असं ठरलं. आयांना विचारायचं का? आयांचं मन हळवं, तेव्हा त्यासुद्धा पक्षपाती. शेवटी दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर एकमत झालं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. देह हा देवाचा आहे. तेव्हा पोराची संमती चालायची नाही, बापाचीही चालायची नाही. संमती हवी ती देवीची. ती कशी मिळवावी यासाठी पोटकमिटी नेमावी. पोटकमिटीत तेच चौघे होते.

मुक्ताबाईला यातलं निम्मं मारुतरावांनी सांगितलं आणि निम्मं लोणावळ्याच्या बाजारानं. तिनं ऐकून घेतलं. तिला एवढंच विचारायचं होतं की हुकूम खेड्यांचा आहे ना, मग लोणावळा शहरात काय? मारुतराव म्हणाले, शहराच्या हद्दीत सुई चालते, तिथं वेगळा कायदा. जकात नाक्याच्या अलीकडे टोचलेलं पोर कायदेशीर, पलीकडे टोचलेलं बेकायदेशीर.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई डोक्यावर चरवी आणि बोटाला चिंगी घेऊन नाक्याच्या अलीकडे आली. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, चरवीत काय? दूध. आणि पोरीत काय? पोरीत काय असणार. त्यानं सोडलं. मारुतरावांनी चिंगीचा दंड पुसला, ओरखडे काढले, लस लावली. चिंगीनं लोको शेडापर्यंत ऐकू जाईल असा टाहो फोडला, आणि एका गुडदाणीच्या वडीवर तो तितक्याच झटक्यात मिटवला.

मारुतरावांनी बजावलं होतं की दंडावर एक फोड येईल, थोडा ताप येईल, मग खपली धरेल आणि पडेल. एकच फोड. मुक्ताबाईनं ते "एकच" असं मनात धरून ठेवलं की पुढचे सगळे दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. पहाटे उठली की चिंगीला उजेडात घेऊन पाठ, पोट, टाळू, तळवे चाचपायची. फोड उठला, मधोमध खळी पडलेला, टपोरा. अगदी तसाच. शिदबाच्या कपाळावर पहिला उठला होता तो हुबेहूब असाच होता. चिंगीचं अंग तापलं आणि मुक्ताबाईच्या मनानं उलट खाल्ली. आपण कमिटीची, गावाची, देवीची, सगळ्यांची आज्ञा मोडून पोरीला नाक्याच्या अलीकडे नेलं, आणि ती खरीच चिडून आली असेल तर?

ताप आल्याचं गावात लपत नाही. रखमाजी पाटील तावातावानं दारात आले. कमिटीचा मेंबर असलेल्या माणसाच्या गावात कमिटी डावलून पोर टोचली, त्यांचं नाक कापलं गेलं होतं. त्यांनी मुक्ताबाईला फैलावर घ्यायला नुकती सुरुवात केली होती, तेवढ्यात त्यांच्या मागून विठाबाई आत आली. तिनं चिंगीची बाही वर केली, फोड पाहिला, त्याची खळी पाहिली, आणि हात जोडून जमिनीवर डोकं टेकलं.

"पाटील, आवाज खाली करा," ती म्हणाली. "माय आलीया."

पाटलांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. आयुष्यभर त्यांनी देवी आलेली घरं पाहिली होती, आणि फोड काही नाक्याच्या अलीकडचा की पलीकडचा हे सांगत नव्हता. त्यांनी हळूच मागं सरून पायताण काढलं, परत आले आणि ज्या पोरीपायी भांडायला आले होते तिच्या पायावर डोकं ठेवलं. चिंगी घोंगडीवर पडून हे बघत होती. हा पाटील परवाच तिला बोरीवरून खाली उतरवून रट्टा द्यायला निघाला होता. ती म्हणाली, "गुडदाणी."

संध्याकाळच्या आत गुडदाणी आली.

मग जे सुरू झालं त्याला राज्यच म्हणावं लागेल. दारावर कडुनिंब, चूल बिनफोडणीची, सगळं गाव कुजबुजत बोलायला लागलं. चिंगी म्हणाली वासरू आत आणा, वासरू आत आलं. चिंगी म्हणाली शेजारच्या रतनबाईच्या कोंबड्यानं ओरडू नये, रतनबाईनं कोंबडा माहेरी पोचवला. बायका हळदकुंकू, नारळ घेऊन यायच्या आणि एका नाकपुशा पोरीला अहोजाहो करायच्या. चिंगीची आई नंदाबाई कोपऱ्यात बसून तोंडात पदर कोंबायची, ती हसू दाबत होती की रडू, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मुक्ताबाई मात्र एकच काम करत होती. दारात बाया नमस्कार करत असताना ती मागून चिंगीच्या मानेवरचे केस बाजूला करून बघायची. मारुतराव रोज लोणावळ्याहून चालत यायचे, पण परक्याला उंबरा बंद. ते अंगणापलीकडच्या बांधावर छत्री उघडून उभे राहायचे आणि लांबून एक बोट वर करायचे. मुक्ताबाई आतून एक बोट वर करायची. एकदा पोटरीवर लाल पुळी दिसली आणि तिनं बोट वरच केलं नाही. दोघंही तसेच उभे राहिले. घटकाभरानं पुळी खाजवून चिंगी म्हणाली, डास चावला. तेव्हा कुठं मुक्ताबाईचं बोट वर झालं, आणि मारुतरावांनी छत्री मिटून डोळे पुसले. त्या रुबाबदार माणसाला तिनं पहिल्यांदाच असं पाहिलं.

इकडे पोटकमिटीला खबर लागली. देवीची संमती कुठून आणायची म्हणून बसलेल्या चौघांना खुद्द देवीच औंढ्यात येऊन बसल्याचं कळलं, तेही सुईच्या वाटेनं. ते टांगा करून आले. उंबऱ्याबाहेर ओसरीवर वकीलसाहेबांनी बूट काढले, विलायती मोजेही काढावे लागले, आणि चौघेही मांडी घालून ओळीनं बसले. आत घोंगडीवर चिंगी, तिच्या मागं पदर सावरून मुक्ताबाई.

महिपतरावांनी घसा खाकरून कामकाज सुरू केलं. मातेला टोचणी मान्य आहे का?

चिंगीला प्रश्न कळला नाही. पण टोचणी हा शब्द तिला चांगला कळत होता, आणि त्याबद्दलची तिची तक्रार रोज वाढत होती. बाहेर सगळी पोरं सूरपारंब्या खेळत होती, आणि दंड दुखत होता तो तिचा एकटीचा.

"मला एकटीलाच का?" ती म्हणाली. "समद्यांना टोचा. पाटलाच्या बहिरूला आदी टोचा."

बहिरू तिच्या वेण्या ओढायचा. ओसरीवर मात्र ती देवीची आज्ञा ठरली. वकीलसाहेबांनी विजयानं शास्त्रीबुवांकडे बघितलं. शास्त्रीबुवा इतक्या सहज हार खाणारे नव्हते. ते म्हणाले, आज्ञा शिरसावंद्य, पण ही आज्ञा देवीचीच कशावरून? शास्त्रात तिची खूण दिलेली आहे. त्यांनी हात जोडून विचारलं, "माते, आपलं वाहन कोणतं?"

मुक्ताबाई पुढं झुकली. ती पोरीच्या कानात काही सांगणार, तर तोंडावर चार जोड्या डोळे रोखलेले. चिंगीनं विचार केला. तिनं आयुष्यात पाहिलेली वाहनं म्हणजे आगगाडी, जिच्यात ती बसली नव्हती, आणि नाक्यावरच्या कुंभाराचं गाढव, ज्याच्यावर तिला बसायचं होतं आणि आजीनं बसू दिलं नव्हतं.

"गाढव," ती म्हणाली.

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गाढव हेच देवीचं वाहन, पोथीत लिहिलेलं. चाळीस वर्षं त्यांनी पोथ्या वाचल्या, आणि पोथीतली गोष्ट प्रत्यक्ष समोरून उत्तर देताना त्यांना आजच दिसली. त्या म्हाताऱ्याचं रडणं अगदी खरं होतं. मुक्ताबाईलाही त्याची दया आली.

यानंतर कामकाज रीतीला सोडून थोडं घसरलं. महिपतरावांनी मातेला आपल्या गुडघ्याबद्दल हळूच विचारलं. पाटलांनी बांधाच्या दाव्याबद्दल विचारलं. वकीलसाहेब सुधारक असल्यामुळे त्यांनी सगळे उठल्यावर, बूट घालायच्या निमित्तानं मागं राहून, निवडणुकीबद्दल विचारलं. सगळ्यांना उत्तर एकच मिळालं, गुडदाणी.

ठराव झाला तो असा. देवी सुईच्या वाटेनं येते हे सिद्ध झालं, तेव्हा टोचणी हे देवीचं आगमन. पण देवी गाढवाशिवाय येत नाही. तेव्हा सुई गाढवावरून आली पाहिजे. सुई पेटीत, पेटी डॉक्टराच्या हातात, म्हणून डॉक्टर गाढवावर. शिवाय टोचलेल्या प्रत्येक पोराला गुडदाणीचा प्रसाद. कमिटीच्या हातून आयुष्यात झालेलं शहाणपणाचं कलम एवढंच.

मारुतरावांना हे ओट्यावर वाचून दाखवलं. आपल्याकडे गाढवावर कुणाला बसवतात ते सांगायला नको. चोराला, लबाडाला, गावाची अब्रू घालवणाऱ्याला. ते बराच वेळ पगडीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, मडक्यातल्या नळ्या खराब होण्याआधी गाढव मिळेल का?

कुंभाराचं गाढव मिळालं. सकाळच्या उन्हात औंढ्याच्या वाटेनं मारुतराव आले, बंद गळ्याचा कोट, कडक पगडी, एका हातात छत्री, मांडीवर पेटी, पाय जमिनीला टेकायला दोन बोटं कमी. पुढं डफ, मागं गाव. वाटेत कुणी परगावचे लोक भेटले, त्यांनी विचारलं ह्यानं काय केलं हो? कुणीतरी सांगितलं, पोरं वाचवतोय. परगावचे लोक मान हलवत पुढं गेले. पहिला दंड बहिरूचा. त्यानं जो आकांत केला तो चिंगीनं आतून घोंगडीवर बसून, गुडदाणी चघळत, समाधानानं ऐकला. दिवस मावळायच्या आत ठाकरवाडीसकट सगळ्या पोरांचे दंड टोचून झाले.

पुढं उन्हाळ्यात देवी घाट चढून आली. औंढ्यात एकही पोर दगावलं नाही. खोऱ्यातल्या एका गावात मात्र गाढव मिळालं नव्हतं, आणि खेचर चालेल का यावर शास्त्रीबुवांचं मत मागवलं होतं. मत यायच्या आधी तिथं पोरं गेली. शास्त्रीबुवांना हे कळलं तेव्हा ते जेवणावरून उठले, आणि त्यानंतर त्यांनी कमिटीत कधी शास्त्र काढलं नाही. पण ठराव तसाच राहिला. ठरावाला कोण उठवणार?

हे झालं पुढचं. त्याआधी पाहुणीला बोळवायचं राहिलं होतं.

खपली वाळत आली होती, ताप उतरला होता. एका दुपारी सगळे रानात गेलेले, घरात दोघीच. चिंगी पेंगत होती. गावानं, पाटलानं, कमिटीनं, सगळ्यांनी देवीला विचारून झालं होतं, मुक्ताबाईनं काहीच विचारलं नव्हतं. ती पोरीच्या उशाशी बसली. खूप वर्षं हा प्रश्न तिनं पातेल्यासारखा या फळीवरून त्या फळीवर ठेवला होता.

"माय, माझ्या शिदबाला न् येसूला का नेलंस?"

चिंगीनं डोळे उघडले. आजीचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती घाबरली.

"मी कुणाला न्हाई नेलं, आजे. मी तर हितंच हुते."

मुक्ताबाईनं तिला छातीशी धरलं. म्हणाली, व्हय गं, तू हितंच हुतीस. मग ती पोरीच्या केसांत तोंड खुपसून रडली. ती दोन पोरं गेली तेव्हा देवीच्या घरात रडायचं नसतं म्हणून तिला रडू दिलं नव्हतं.

खपली पडली. रीतीप्रमाणे चिंगीला कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि डफाच्या तालावर सगळं गाव शिवेवर गेलं. कमिटीही आली होती, आणि मारुतराव गाढवासकट. मुक्ताबाईनं दहीभाताचा द्रोण शिवेच्या दगडाशी ठेवला. विठाबाई आता म्हातारी झाली होती. ती जवळ आली आणि पूर्वीसारखंच हळू आवाजात म्हणाली, म्हण बाई. तिनं चिंगीकडे बोट मात्र केलं नाही, कारण तिलाही आठवत होतं.

मुक्ताबाई दगडाकडे बघत उभी राहिली. जीभ या वेळी टाळ्याला चिकटली नाही.

"जा," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

डफ थांबला. पाटलांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं, शास्त्रीबुवांनी महिपतरावांकडे, आणि महिपतरावांना आयुष्यात पहिल्यांदा मान कुठल्या बाजूला डोलवावी ते सुचेना. वारा सुटला आणि द्रोण कलंडला, एवढंच झालं. मग विठाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि डफवाल्याला खूण केली, वाजव.

शिवेवरून परतताना मागं वळून बघायचं नसतं. चिंगी आजीच्या बोटाला धरून सरळ समोर बघत चालली होती. मग तिनं आजीचं बोट ओढलं.

"आजे, आता मी चिंगीच का?"

"चिंगीच."

"मंग गुडदाणी बंद?"

मुक्ताबाई हसली. वाटेच्या फाट्याशी मारुतराव लोणावळ्याकडे वळले. गाढव अडून बसलं होतं, त्यांनी पगडी सावरली, छत्री काखेत धरली आणि सवयीनं म्हणाले, "येतो मावशी." उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती, कारण रोज बांधावरून निघताना ते कधी मिळालं नव्हतं.

"या हो डाक्तर," मुक्ताबाई म्हणाली. "पर चालत या."